अठ्ठावीस फुटी मगर

गेल्या पावसाळ्यातली गोष्ट. रविवारची सकाळ होती. बाहेर संततधार लागलेली आणि मी चहाचा दुसरा कप घेऊन पुरवण्या चाळत बसले होते. एवढ्यात मोबाइल कुणकुणला. आमच्या माहेरच्या माणसांचा व्हॉट्सॲपवर एक ग्रुप आहे. 'कृष्णाकाठ' हे त्याचे नाव. सांगली जिल्ह्यात भिलवडीच्या अलीकडे आमचे गाव. आता प्रत्यक्ष काठावर राहणारे थोडे आणि पुणे, मुंबई, बंगळूर, न्यू जर्सी असे पांगलेलेच जास्त. त्या ग्रुपवर भाच्याने एक फोटो टाकला होता.

चिखलाच्या काठावर एक मगर आडवी पडलेली. आडवी म्हणजे फोटोच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. तिच्या पाठीमागे एक माणूस उकिडवा बसलेला, आणि तो तिच्यापुढे दिसत होता भातुकलीतल्या बाहुल्याएवढा. खाली मजकूर : 'कृष्णेच्या पुरात सापडली २८ फुटी मगर! नदीकाठच्या बांधवांनो, सावधान! जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.'

पाच मिनिटांत ग्रुपवर झुंबड उडाली. न्यू जर्सीच्या भाच्याने 'ओ माय गॉड' लिहिले. बंगळूरच्या सूनबाईंनी हात जोडल्याची सहा चित्रे पाठवली. आमच्या काकूंनी औदुंबरच्या दत्त महाराजांना साकडे घातले. गावात राहणाऱ्या वहिनीने मात्र एवढेच विचारले, 'ही कुठल्या घाटावर?'

तिला कोणी उत्तर दिले नाही. मीही नाही. कारण तेवढ्यात भाच्याचा पुढचा निरोप आला होता, 'आत्या, तू सांग. बँकेत खोट्या सह्या तूच पकडायचीस ना?'

माणसाच्या अहंकाराला एवढे पुरते. मी चष्मा पुसला आणि कामाला लागले.

बँकेत मी तेहेतीस वर्षे काढली. त्यातली कितीतरी चेक पास करण्यात गेली. आजच्या मुलांना ते काम ठाऊक नसेल. समोर चेक यायचा, शेजारी नमुना सहीचे कार्ड असायचे, आणि काउंटरपलीकडे टोकन घेऊन माणूस ताटकळत असायचा. दोन सह्यांवरून नजर फिरवायची आणि निर्णय घ्यायचा. नव्याने टेबलावर बसणाऱ्याला वाटते की सही जुळली म्हणजे झाले. जुन्या हेडकॅशिअरांनी मला पहिल्याच आठवड्यात सांगितले होते, 'बाई, सही आधी बघू नका. तारीख बघा, रक्कम बघा, आकडा आणि अक्षर जुळतंय का बघा, चेक कोणाच्या पुस्तकातला आहे ते बघा. सही सगळ्यात शेवटी. सही बघितली की मन पक्कं होतं, मग बाकीचं दिसत नाही.'

फोटोचेही तेच आहे. मगर आधी बघितली की मन पक्के होते. म्हणून मी मगर सोडून बाकीचे बघायला लागले.

पहिल्यांदा दिसला काठ. मगरीच्या शेपटीपलीकडे चिखलातून वर आलेली बोटांसारखी मुळे होती, खुंट्या ठोकाव्यात तशी. कोकणात गेलेल्या माणसाला ती ओळखू येतात. ती खारफुटीची मुळे. आता आमची कृष्णा कितीही थोर असली, तरी सांगलीपाशी तिला भरती-ओहोटी नाही. तिथे खारफुटी उगवायची, तर समुद्राला आंबा घाट चढून यावे लागेल.

मग मी मगरीच्या मानेकडे वळले. आपल्या नद्यांत असते ती गोड्या पाण्यातली मगर. तिच्या डोक्यामागे, मान सुरू होते तिथे, चार ठळक खवल्यांची एक ओळ असते. खाऱ्या पाण्यातल्या मगरीला ही ओळ बहुधा नसतेच. उलट तिच्या डोळ्यांपासून नाकाकडे उतरत जाणारे दोन उंचवटे असतात. फोटोतल्या मगरीला ते उंचवटे होते. म्हणजे ही बाई सुंदरबन, ओडिशा, अंदमान, नाहीतर थेट आग्नेय आशिया किंवा ऑस्ट्रेलिया इथली. महाराष्ट्रातल्या नदीत तिचे काय काम?

राहिली लांबी. आपल्या गोड्या पाण्यातल्या मगरीचा मोठ्यात मोठा नर पंधरा-सोळा फुटांच्या आसपास भरतो, आणि आपल्याला दिसतात त्या बहुतेक त्याहून बऱ्याच लहान असतात. खाऱ्या पाण्यातली मगर जगातली सगळ्यात मोठी. पण तिलाही हिशेब आहे. मगरीच्या डोक्याची लांबी तिच्या एकूण लांबीच्या साधारण सातव्या ते नवव्या हिश्शाइतकी असते. २८ फुटांची मगर म्हणजे डोकेच तीन ते चार फुटांचे हवे. पॅरिसच्या संग्रहालयात कंबोडियातून आलेली एक कवटी आहे, ती माहीत असलेल्या सर्वांत मोठ्या कवट्यांपैकी मानली जाते. तिची लांबी ७६ सेंटिमीटर, म्हणजे अडीच फूट. तेव्हा २८ फुटी मगरीची कवटी अजून कोणी बघितलेली नाही.

मग तो माणूस एवढासा का दिसत होता? त्याचे उत्तर शाळेच्या सहलीत मिळते. एक मुलगा दूर उभा राहतो, दुसरा कॅमेऱ्याजवळ हात पुढे करतो, आणि फोटोत दूरचा मुलगा जवळच्याच्या तळहातावर उभा दिसतो. माणूस कॅमेऱ्यापासून मगरीच्या दुप्पट अंतरावर बसला, तर तिच्या मानाने तो निम्मा दिसणार. मग १४ फुटांची मगर २८ फुटांची वाटायला कसली करामत लागत नाही. आपल्या फोटोतल्या माणसाचा हात मगरीला टेकलेला नव्हता. तो तिच्यामागे चांगला चार पावले बसलेला होता. गळाला लागलेला मासा दोन्ही हातांनी कॅमेऱ्याकडे पुढे करून उभे राहणारे लोक आपण पाहतोच, त्यातलाच हा प्रकार.

मी ग्रुपवर निकाल जाहीर केला : 'फोटो खरा असावा. जागा खोटी, लांबी खोटी, मजकूर खोटा.' अंगठ्यांचा पाऊस पडला. काकूंनी मला दीर्घायुष्य चिंतिले. तो रविवार माझा अतिशय चांगला गेला.

आता या प्रकरणाकडे जरा गंभीरपणे बघू.

आपण 'खोटा फोटो' म्हणतो तेव्हा आपल्या मनात असतो जोडकाम केलेला फोटो. पण या विषयातली गाजलेली उदाहरणे पाहिली, तर जोडकाम फार थोड्या ठिकाणी आढळते. २००५ मध्ये कॅटरिना वादळाने अमेरिकेतले न्यू ऑर्लिन्स शहर बुडाले. त्यानंतर ई-मेलवरून काही फोटो जगभर फिरले. एक प्रचंड मगर, आणि खाली मजकूर की ही शहराच्या रस्त्यांवर पोहताना सापडली. फोटो अस्सल होते. फक्त मगर अमेरिकेतली नव्हती. ती आफ्रिकेतल्या काँगो देशातली होती, आणि फोटो वादळाच्या आधीचे होते. कोणीतरी फोटोखालचा मजकूर बदलला, एवढेच. चेकवर सही खरी, पण नाव आणि रक्कम खोडून दुसरी लिहिलेली, असा हा प्रकार. बँकेत आम्ही याला सहीच्या खोटेपणापेक्षा जास्त भीत असू; कारण सही खरी असल्यामुळे डोळे झाकले जातात.

दुसरा प्रकार पुराव्याविना दाव्याचा. ऑस्ट्रेलियात क्वीन्सलँडच्या उत्तरेला नॉर्मंटन नावाचे गाव आहे. तिथल्या नदीवर १९५७ मध्ये क्रिस्टिना पावलोव्हस्की या शिकारी बाईने एक मगर मारली. लांबी सांगितली गेली ८.६३ मीटर, म्हणजे २८ फुटांच्याही वर. आज त्या गावात तिची पूर्णाकृती प्रतिकृती आहे, प्रवासी तिच्यापाशी फोटो काढून घेतात. पण कवटी नाही, कातडे नाही. बाईंना खोटे ठरवण्याचा माझा हेतू नाही, त्या नामांकित नेमबाज होत्या. पण व्हाउचर नसलेली नोंद लेजरमध्ये कशी धरायची? कोलकात्याच्या बाजूला एकोणिसाव्या शतकात मारलेल्या एका मगरीची लांबी ३३ फूट सांगितली जाई. तिची कवटी लंडनला पोहोचली होती. पुढे कोणीतरी ती कवटी मोजली, आणि लांबीचा हिशेब दाव्याच्या जवळजवळ निम्म्यावर आला. कवटी होती म्हणून निदान हिशेब तरी मांडता आला.

आणि मोजलेली मगर कशी असते, तेही बघू. फिलिपिन्समध्ये बुनावान या गावाजवळ सप्टेंबर २०११ मध्ये एक मगर जिवंत पकडली. 'लोलोंग' हे तिचे नाव. नर होता. पकडला तेव्हा २१ फूट म्हणून बोलबाला झाला. नंतर जाणकारांनी रीतसर टेप लावली, तेव्हा भरला ६.१७ मीटर, म्हणजे २० फूट आणि ३ इंच. वजन १०७५ किलो. त्याचे डोके होते ७० सेंटिमीटर. गिनेसच्या पुस्तकात पिंजऱ्यात ठेवलेली सर्वांत मोठी मगर म्हणून त्याची नोंद झाली. २०१३ च्या फेब्रुवारीत तो मेला. मोजपट्टी लागली की पाऊण फूट तरी कमी होतोच, हा अनुभव मगरीपुरता नाही. आमच्याकडे कर्जदारांच्या मालाची मोजदाद झाली की हेच व्हायचे.

इथवर सगळे सोपे आहे. पण याच्या उलट बाजूची उदाहरणे मला जास्त महत्त्वाची वाटतात. त्याच २०११ मध्ये ऑस्ट्रेलियातल्या ॲडलेड नदीवरचा एक फोटो जगभर छापून आला. पर्यटकांनी भरलेली बोट, आणि तिच्याशेजारी पाण्यातून उभी उसळलेली एक मगर. पुढचा एक पाय नसलेली. कितीतरी लोकांनी छातीठोकपणे सांगितले की ही संगणकाची करणी आहे. पण तो फोटो अस्सल होता. 'ब्रूटस' नावाची ती मगर त्या नदीवर सगळ्यांच्या माहितीची होती, लांबी साडेपाच मीटरच्या आसपास धरली जाई, आणि काठीला मांस लटकवून मगरींना उड्या मारायला लावणे हा तिथल्या बोटवाल्यांचा रोजचा धंदा. त्या नदीवर राहणाऱ्या माणसाला विचारले असते, तर एका वाक्यात शंका मिटली असती.

फार लांब कशाला जायचे? २०२४ च्या जूनअखेरीस चिपळूणच्या रस्त्यावरून भर पावसात एक मगर चालत गेली, त्याची चित्रफीत घरोघरी पोहोचली. सुमारे आठ फुटी मगर, वाहनांच्या दिव्यांच्या उजेडात, आरामात. पुण्यातल्या माझ्या शेजाऱ्यांनी ती खोटी ठरवली. 'हल्ली असलं काहीही करता येतं,' ते म्हणाले. चिपळूणच्या माणसाला मात्र तिचे नवल नव्हते. वाशिष्ठीत मगरी आहेत, पाऊस आला की त्या अधूनमधून वर येतात, हे त्याला लहानपणापासून माहीत. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये बडोद्याला विश्वामित्रीचे पाणी वस्तीत शिरले, आणि मगरीही पाण्याबरोबर आल्या. तेही खरेच होते.

'हल्ली असलं काहीही करता येतं' हे वाक्य खरे आहे, आणि म्हणूनच ते धोक्याचे आहे. कृत्रिम बुद्धिमत्तेच्या साहाय्याने आज शाळकरी मूलसुद्धा दोन ओळी लिहून आमच्या घाटावर चाळीस फुटी मगर बसवू शकते. मला कोणीतरी सांगितले होते की असल्या चित्रांत पायाची बोटे मोजावीत. मगरीला पुढच्या पायांना पाच बोटे असतात आणि मागच्या पायांना चार, आणि प्रत्येक पायाच्या आतल्या तीनच बोटांना नखे असतात. यंत्राला हे माहीत नसायचे. पण यंत्र शिकते. आज बोटे चुकली, उद्या चुकणार नाहीत. नमुन्याशी तंतोतंत जुळणारी सहीच आम्हाला संशयास्पद वाटायची, कारण जिवंत माणसाची सही दर वेळी थोडी हलते. गिरवलेलीच हलत नाही. उद्याचे यंत्र तेवढे हलायलाही शिकेल.

मग करायचे काय? न्यायालयांनी या प्रश्नाला दिलेले उत्तर मला बँकेच्या टेबलासारखे वाटते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या ६३ व्या कलमात, फोटो किंवा चित्रफीत अशी इलेक्ट्रॉनिक नोंद पुरावा म्हणून द्यायची असेल तर सोबत प्रमाणपत्र मागितले आहे. नोंद कोणत्या उपकरणातून आली, ते कोणाच्या ताब्यात होते, याची जबाबदारी घेऊन कोणीतरी सही करायची. म्हणजे चित्राच्या तोंडाकडे बघून निकाल द्यायचा नाही, तर ते कोणाच्या हातून आले ते विचारायचे. आमच्या हेडकॅशिअरांनी हेच सांगितले होते. चेक कोणाच्या पुस्तकातला आहे ते बघा.

यात गंमत वाटण्यासारखे काही नाही, हे महाराष्ट्राला तरी सांगायला नको. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात पाच माणसांना जमावाने ठेचून मारले. भटक्या समाजातली, पोटासाठी हिंडणारी माणसे. मुले पळवणारी टोळी आली आहे, अशी अफवा मोबाइलवरून पसरलेली होती. त्या काळात देशभर फिरणाऱ्या चित्रफितींपैकी एक तर कराचीतली होती, आणि मुलांच्या सुरक्षिततेबद्दल जागृती करण्यासाठी मुद्दाम तयार केलेली होती. शेवटचा खुलासा कापला, खाली नवा मजकूर लिहिला, आणि जागृतीची फीत अफवेची फीत झाली. त्यानंतर त्याच महिन्यात व्हॉट्सॲपने आपल्या देशात एक निरोप एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल अशी मर्यादा आणली. फोटोखालचा मजकूर बदलणे म्हणजे काय, ते या पाच घरांना विचारावे.

हे सगळे मला माहीत होते. तरीही पुढे जे झाले ते झाले, आणि ते सांगण्यासाठीच हा लेख लिहायला घेतला.

२८ फुटी मगरीचा निकाल मी लावला, त्याला नऊ दिवस झाले होते. सकाळी ग्रुपवर वहिनीचा फोटो आला. वहिनी कधी फोटो टाकत नाही. धुरकट, करड्या पाण्याचा, हललेल्या हाताने काढलेला. कोपऱ्यात घाटाची एक पायरी, आणि पाण्यात ओंडक्यासारखे काहीतरी. खाली तिने लिहिले होते, 'आज सकाळी. धुण्याच्या दगडापाशी.'

ग्रुपला आता खोटे पकडण्याची चटक लागली होती. 'वहिनी, ओंडका आहे तो.' 'मामी, खारफुटी कुठाय?' 'आत्याकडे तपासणीला पाठवा.' हसण्याची चित्रे आली. त्यात एक माझेही होते. मी फोटो मोठा करूनसुद्धा पाहिला नाही.

दोन दिवसांनी दादाचा फोन आला. शेजारच्यांची शेळी त्या दगडापासूनच मगरीने ओढून नेली होती. वहिनी धुण्याची बादली घेऊन दहा-बारा पावलांवर होती. तिला काही झाले नाही. पण ती दोन दिवस बोलली नव्हती. दादा मला एवढेच म्हणाले, 'तिनं फोटो पाठवला होता गं. कुणी वनखात्याला सांगेल असं वाटलं होतं तिला.'

मी फोन ठेवला आणि ग्रुपवर मागे जाऊन तो फोटो उघडला. ओंडक्याला एका टोकाला एक उंचवटा होता आणि त्याच्या मागे, वीतभर अंतरावर, दुसरा. पुढचा नाकाचा, मागचा डोळ्यांचा. मगर पाण्यात तरंगते तेव्हा एवढेच वर दिसते. माझ्याच कसोट्या मी लावल्या असत्या, तर एकूण एक बाजू खरेपणाकडे झुकत होती. फोटो काढणारे माणूस ओळखीचे. जागा सांगितलेली. वेळ सांगितलेली. लांबी किती, हे सांगण्याचा सोसच नाही. 'पुढे पाठवा' असा आग्रह नाही. मजकूर चार शब्दांचा. खऱ्या चेकसारखा साधा चेक, आणि मी तो न बघता परत केला.

असा चेक मी एकदा खरोखरच परत केला होता. १९९४-९५ च्या सुमाराला मी एका तालुक्याच्या गावी होते. एका निवृत्त मास्तरांच्या खात्यावरचा चेक घेऊन त्यांची सून आली. रक्कम किरकोळ. पण सही पाहिली तर अक्षर गोगलगाय चालून गेल्यासारखे. नमुना सही मास्तरांना शोभेल अशी, टाकाने कोरल्यासारखी. मी 'ड्रॉअर्स सिग्नेचर डिफर्स' असा शेरा मारून चेक परत दिला. सून काही बोलणार होती, पण मागे रांग होती. दुसऱ्या दिवशी मास्तर स्वतः आले, रिक्षातून, नातवाच्या खांद्यावर हात टाकून. उजवा हात लुळा पडलेला. पंधरा दिवसांपूर्वी अर्धांगाचा झटका आला होता आणि ती सही डाव्या हाताची होती. ते रागावले असते तर बरे झाले असते. ते म्हणाले, 'बाई, तुम्ही काम चोख केलंत. सून फक्त एवढंच विचारत होती, की फॉर्मवर आमचा फोन नंबर लिहिलेला आहे. बाईंनी एक फोन का नाही केला?'

नियमाप्रमाणे मी चुकले नव्हते. सही जुळत नसेल तर पैसे द्यायचे नाहीत, हा नियम योग्यच आहे. पण सही न जुळणे आणि माणूस खोटा असणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, आणि त्यांच्यामध्ये एक फोन करण्याएवढे अंतर आहे. तीस वर्षांनी मी तीच चूक पुन्हा केली. फोटो खोटा ठरवताना नकळत मी नदीही खोटी ठरवून बसले. कृष्णेत २८ फुटी मगर नाही, हे सिद्ध करता करता कृष्णेत मगर आहे, हे आम्ही सगळेच विसरलो. औदुंबर, भिलवडी, सांगली या पट्ट्यात ती पिढ्यान्‌पिढ्या आहे. वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या परिशिष्टात आहे. दहा फुटांची असली तरी माणसाला पुरे आहे.

अतिशयोक्त फोटोचे खरे नुकसान हे आहे. तो आधी घाबरवतो, मग हसवतो, आणि शेवटी माणसाला निगरगट्ट करून जातो. 'लांडगा आला रे आला' या गोष्टीत आपण त्या पोराला दोष देतो. पण शेवटच्या दिवशी हाक खरी होती, आणि गावकऱ्यांपैकी एकही जण टेकडीवर बघायला गेला नाही, याचे काय? आणि ज्यांच्या डोक्यात २८ फुटी राक्षस बसला आहे ते उद्या काठावरच्या आठ फुटी मगरीमागे काठ्या घेऊन धावतील, हे निराळेच.

गोव्यात फोंड्याजवळच्या दुर्भाट भागात पौष अमावास्येला 'मानगे थापणी' होते. मानगे म्हणजे मगर. खाडीकाठची शेतकरी मंडळी चिखलाची मगर थापतात, शिंपल्यांनी तिची पाठ सजवतात आणि तिची पूजा करतात. शेजारच्या कुंभारजुव्याच्या पाण्यात खऱ्या मगरी आहेत. या लोकांना मगर ठाऊक आहे, तिची भीती ठाऊक आहे, आणि तिच्याशी शेजारपणाही ठाऊक आहे. आम्ही पुण्या-मुंबईत बसून मोबाइलवर मगरी मोजणारी माणसे. आम्हाला खवल्यांची ओळ माहीत असते, पण कोणत्या घाटावर कोण धुणे धुते ते माहीत नसते.

त्या दिवसापासून मी दोन गोष्टी ठरवल्या. असा काही फोटो आला की आधी त्यातल्या जागेवर राहणारे माणूस शोधायचे आणि त्याला विचारायचे. आणि फोटो खोटा निघाला, तरी 'मग तिथे खरे काय आहे?' हा प्रश्न विचारल्याशिवाय मोबाइल बाजूला ठेवायचा नाही. वहिनीने पहिल्याच दिवशी तो विचारला होता. ही कुठल्या घाटावर? आमच्या ग्रुपमधल्या तीसेक शिकलेल्या माणसांत कामाचा प्रश्न तेवढा एकच होता.

दादांनी वनखात्याला कळवले. माणसे येऊन पाहून गेली. घाटावर आता पाटी आहे, आणि धुणे सध्या आडाच्या पाण्यावर होते. मी गणपतीत गावी गेले तेव्हा वहिनीची माफी मागितली. ती म्हणाली, 'अहो वन्सं, तुम्ही काय मुद्दाम केलंत?' आणि पोळ्या लाटत राहिली. मग थोड्या वेळाने म्हणाली, 'पण फोन केला असता तर बरं वाटलं असतं.'

आता रोज सकाळी ती घाटाचा एक फोटो ग्रुपवर टाकते. बहुतेक वेळा त्यात पाणी असते, पायऱ्या असतात, आणि काही नसते. कोणी हसत नाही. परवाच्या फोटोतही काही नव्हते. खाली तिने लिहिले होते, 'आज नाही. काल संध्याकाळी होती, पलीकडच्या काठाला.'

मी तिला लगेच फोन केला.